गुंजेचा पाला

गुंजेचे पान तोंडात टाकले की पहिले काही क्षण काहीच घडत नाही. दाताखाली हिरवट, किंचित तुरट असा चोथा होतो, कच्चा शेवग्याचा पाला चावल्यासारखे वाटते, आणि आपली फसगत झाली असे म्हणण्याच्या बेतात आपण असतो तेवढ्यात जिभेच्या मागच्या बाजूने गोडवा वर यायला लागतो. साखरेचा गोडवा एकदम तोंडभर पसरतो आणि घोटभर पाण्याने धुऊन जातो. हा गोडवा उशिरा येतो आणि आला की उठायचे नाव घेत नाही. पान थुंकून टाकल्यावर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायले तरी ते पाणी गोड लागते. चव ज्येष्ठमधाच्या जवळची असते, पण ज्येष्ठमधाला काष्ठाचा जो कोरडा वास असतो तो हिला नसतो.

गुंज म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती लालभडक, डोक्यावर काळा टिळा लावलेली बी. सोनाराच्या तराजूतली, गुंजमाळेतली, लहानपणी आगपेटीत साठवलेली. तिच्या विषारीपणाची बातमीही आता प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलेली असते. त्यामुळे मागच्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मसाला पानावर चिमूटभर हिरवा चुरा भुरभुरवला आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाने तो काय आहे असे विचारल्यावर 'गुंजेचा पाला' असे शांतपणे सांगितले, तेव्हा त्या मुलाने हातातले पान तसेच परत केले. पानवाला माझ्याकडे बघून हसला. मी त्या मुलाला काही समजावले नाही, कारण रस्त्यावर दोन वाक्यांत सांगता येईल एवढी ही गोष्ट सोपी नाही. ज्या वेलीची बी जिवावर बेतू शकते, त्याच वेलीचे पान पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे हौसेने चघळले गेले आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि माझ्या आजीला त्या दोन्ही एकाच वेळी नीट ठाऊक होत्या.

माझे आजोबा कीर्तन करीत. वाईच्या आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणी येत आणि चातुर्मासात तर महिनाभर ते घरी फारसे दिसत नसत. त्यांच्या कमरेला एक कापडी चंची असे. तिच्या एका कप्प्यात विड्याची पाने, दुसऱ्यात सुपारी आणि अडकित्ता, तिसऱ्यात कात-चुन्याच्या डब्या, आणि अगदी आतल्या कप्प्यात सुकवलेला गुंजेचा पाला. पूर्वरंग संपून उत्तररंग सुरू व्हायच्या मधल्या वेळात, श्रोते भजनात रमलेले असताना आणि यजमान हार-बुक्का घेऊन पुढे येत असताना, ते किंचित पाठमोरे होत आणि चिमूटभर पाला गालात सरकवीत. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. आजोबा देवासमोर चोरून गोळी खातात अशी माझी कित्येक दिवस समजूत होती.

पाला आणायचे आणि सुकवायचे काम आजीचे. परसात घाणेरीचे दाट कुंपण होते आणि त्यावर गुंजेची वेल इतकी बेमालूम गुंतलेली होती की घाणेरीचे कुठे संपते आणि गुंजेचे कुठे सुरू होते हे फुलांशिवाय कळत नसे. भाद्रपद-आश्विनात वेल भरात असे. आजी कोवळे शेंडे सोडून खालची जून झालेली पाने ओरबाडी, दांड्यांसकट सुपात पसरी आणि सूप माजघरात, उन्हाची तिरीपही लागणार नाही अशा जागी ठेवी. उन्हात वाळवला की पाला पिवळा पडतो आणि त्याची गोडीही उतरते, असे तिचे म्हणणे होते. तीन-चार दिवसांनी दांड्या उचलून झटकल्या की पानांचे इवलेसे तुकडे सुपात गळून पडत आणि दांड्यांचे खराटे तेवढे हातात राहत. मला ती झटकायचे काम देई, आणि देताना दर वेळी तेच बजावी: "अगं, पाला खा हवा तेवढा. पण बी तोंडात घातलेली दिसलीस, तर बघ." सुपात चुकून एखादी शेंग आली तर ती ताबडतोब उचलून बाजूला जाई. बीतल्या विषाचे अब्रिन हे नाव आजीला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण पाला निवडताना तिचे बोट कधी चुकले नाही.

घरात कोणाचे तोंड आले, की आजोबांच्या चंचीतला हाच पाला बाहेर निघे. तोंडातल्या फोडांमुळे आमटीचा घास जिथे आग पेटवी, तिथे हा पाला चघळून गालात धरून ठेवायचा. त्याने फोड किती लवकर बरे होत हे मी सांगू शकत नाही, पण तेवढा वेळ बरे वाटे हे नक्की. बसलेल्या आवाजासाठीही तोच उपाय होता. गाणारी, भजन करणारी आणि वर्गात दिवसभर बोलणारी मंडळी अजूनही हा पाला जवळ बाळगतात. माझ्या ओळखीच्या एक गाणाऱ्या बाई तर ज्येष्ठमधाच्या काडीपेक्षा गुंजेचा पालाच बरा म्हणतात, कारण काडी चघळताना बोलता येत नाही.

ओळखायला ही वेल कठीण नाही, मात्र फसवणारे सोयरे बरेच आहेत. पान संयुक्त असते. मधल्या बारीक दांडीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आठ ते वीस जोड्या लंबगोल पर्णिकांच्या असतात आणि टोकाला एकटी पर्णिका नसते, तिथे दांडी केसासारख्या बारीक टोकात संपते. चिंचेची, शेवरीची, तरवडाची पाने लांबून अशीच दिसतात. पण चिंच, शेवरी, तरवड स्वतःच्या पायावर उभी राहतात, आणि गुंज कोणाच्या तरी अंगाला वेढे घालत चढते. तिचे खोड खाली लाकडासारखे घट्ट होते, म्हणून कोणी तिला झुडूप म्हणतात तर कोणी वेल. पावसाळा सरता सरता फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचे दाट घोस येतात. कडवे वाल, वाटाणा, हरभरा यांच्याच कुळातली ही, त्यामुळे फुलाची ठेवणही तशीच पतंगासारखी. हिवाळ्यात शेंगा वाळून फुटतात आणि त्यांच्या साली मागे वळतात, पण बिया खाली पडत नाहीत. त्या सालीला चिकटूनच राहतात, सगळ्यांना दिसाव्यात म्हणून मांडून ठेवल्यासारख्या. मुलांचे हात त्यांच्याकडे वळतात ते त्यामुळेच.

बी पांढरी असते तशी काळीही असते. पानाच्या धंद्यातल्या मंडळींचा पांढऱ्या गुंजेच्या पाल्यावर जास्त जीव. तोच खरा गोड, असे ते ठासून सांगतात. मी दोन्ही चाखून पाहिले आहेत आणि मला फरक जाणवला तो पाल्याच्या जातीपेक्षा त्याच्या सुकवणीत जास्त. आणखी एक घोटाळा इथेच मिटवून टाकते. बागांतून आणि रस्त्यांच्या कडेने जो उंच वृक्ष असतो, ज्याच्या खाली सगळीकडून लाल, चकचकीत, काळा ठिपका नसलेल्या, किंचित चपट्या बियांचा सडा पडतो, ती रतनगुंज किंवा थोरली गुंज. तिचे गुंजेशी शेंगांच्या कुळाचे नाते आहे, पण ती गुंज नव्हे, आणि तिच्या पानांना असली गोडी नाही.

शास्त्रीय नावात मात्र पानाला मान मिळाला आहे. लिनियसने ठेवलेल्या अब्रस प्रीकेटोरियस या नावातला 'अब्रस' नाजूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, आणि तो या झालरीसारख्या पानांना उद्देशून आहे असे म्हणतात. 'प्रीकेटोरियस' प्रार्थनेवरून, म्हणजे जपमाळेवरून, तो बियांना. पण आपल्या भाषांनी सगळे लक्ष बियांनाच दिले आहे. संस्कृतात गुंजा, रक्तिका, कृष्णला. हिंदीत रत्ती आणि घुंघची. गुजरातीत चणोठी, कन्नडात गुलगंजी, तेलुगूत गुरुविंद. तमिळनाडूत मातीच्या गणपतीला डोळे लावतात ते याच बियांचे. एवढ्या नावांत आणि एवढ्या उपयोगांत कोणालाही पानाची आठवण झालेली नाही.

आता विषाविषयी. ते टाळून पाल्याचे गोडवे गाणे हा बेजबाबदारपणा ठरेल. गुंजेच्या बीमध्ये अब्रिन नावाचे प्रथिन असते. ते पेशीत शिरून पेशीचा प्रथिने तयार करण्याचा कारखानाच बंद पाडते. एरंडाच्या बीमधले रिसिनही याच धाटणीचे. बीचे कवच अत्यंत टणक असल्यामुळे अख्खी गिळलेली बी पुष्कळदा जशीच्या तशी बाहेर पडते, पण चावलेली, फोडलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी ही वेगळी गोष्ट आहे. अब्रिनवर उतारा नाही. लक्षणे काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात, म्हणून मुलाने बी चावल्याचा नुसता संशय जरी आला तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचे, आणि सोबत ती बी न्यायची. आयुर्वेदाने गुंजेला उपविषांत घातले आहे, रुई, धोतरा, कण्हेर यांच्या पंगतीत, आणि दुधात किंवा कांजीत शिजवून शोधन केल्याशिवाय तिला औषधात घेऊ नये असे सांगितले आहे. उष्णतेने अब्रिन मोडते, त्यामुळे त्या शिजवण्यामागे अनुभवाचे तथ्य होते हे आता कळते. पण हे काम वैद्याचे आहे, घरच्या गॅसवर करायचे नव्हे.

एकोणिसाव्या शतकात या बीने बरीच खळबळ उडवली होती. कातड्यासाठी दुसऱ्याची गुरे मारणारे लोक गुंजेचे विष वापरीत, आणि या गुन्ह्याला 'सुई' असे नावच पडले होते. १८८४ साली वॉर्डन आणि वॉडेल या दोघांनी कोलकात्यात या विषाचा अभ्यास करून ते जंतूंमुळे नसून बीतल्याच एका द्रव्यामुळे आहे असे दाखवले. (यांतले वॉडेल हे पुढे तिबेटी बौद्ध धर्मावर लिहून प्रसिद्ध झालेले तेच.) त्याआधी दोन वर्षे पॅरिसमध्ये द वेकर हे नेत्रतज्ज्ञ खुपऱ्यांवर उपाय म्हणून गुंजेच्या बियांचे पाणी रुग्णांच्या डोळ्यांत घालत होते. ते वाचतानाच माझ्या डोळ्यांत पाणी आले. १८९१ मध्ये पॉल एर्लिख यांनी अब्रिन आणि रिसिन उंदरांना अगदी थोडे थोडे देत नेऊन प्रतिकारशक्ती कशी तयार होते हे तपासले, आणि आधुनिक प्रतिकारशास्त्राच्या पायाभरणीत या काळ्या टिळ्याच्या बीचा हात लागला. हे सगळे बीचे. विषाचा साठा बीत आहे, आणि पाला चघळणाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही त्याच बाजूचा आहे.

मग पानात काय आहे? पुष्कळ वर्षे असे समजले जाई की ज्येष्ठमधात असणारे ग्लिसिरायझिन, जे साखरेच्या सुमारे ५० पट गोड असते, तेच गुंजेच्या पानातही आहे आणि गोडी त्याचीच. गुंजेच्या मुळाला इंग्रज लोक हिंदुस्थानी ज्येष्ठमध म्हणत आणि खऱ्या ज्येष्ठमधाऐवजी ते वापरीत, त्यामुळे ही समजूत आणखी पक्की झाली. वास्तविक मुळापेक्षा पान कितीतरी गोड असते, हे ज्याने दोन्ही चावून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. १९८९ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातील किंगहॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानांतून एक वेगळेच गोड द्रव्य काढले आणि त्याला या वेलीवरूनच अब्रुसोसाइड असे नाव दिले. त्याचे चार प्रकार त्यांना मिळाले, आणि ते साखरेच्या ३० ते १०० पट गोड आहेत असे आढळले. साखरेशी या द्रव्यांचे रासायनिक नाते दूरचे आहे. रेणू मोठा आणि बोजड, म्हणून तो जिभेवर हळूहळू रुजतो आणि हळूहळूच निघतो, असे मी माझ्या समजुतीसाठी धरून चालते. आजोबांचा पाला उत्तररंगभर कसा पुरायचा याचे उत्तर मला यात मिळाल्यासारखे वाटते.

याच संदर्भात मी एक प्रयोग करून पाहिला. गुडमारचे पान चावले की तासाभरासाठी जिभेची गोड ओळखण्याची शक्ती जाते, हे सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना माहीत असते. पान चावून वर साखर खाल्ली की वाळू खाल्ल्यासारखे वाटते. मला प्रश्न पडला की गुडमार साखरेला गप्प बसवते, तशी ती गुंजेलाही बसवील का? एका रविवारी दुपारी, घरात कोणी नसताना, मी गुडमारची दोन पाने नीट चावली, चूळ भरली, साखर चाखून ती वाळू झाल्याची खात्री करून घेतली आणि मग गुंजेचा चिमूटभर पाला तोंडात टाकला. शेवग्याचा कच्चा पाला, बस्स. मिनिट गेले, दोन मिनिटे गेली, जिभेच्या मागे काहीही हलले नाही. गुंजेला गोडव्याशिवाय स्वतःची चव काय आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, आणि ती चव फार काही बरी नाही. अर्धा-पाऊण तासाने, मी चहा टाकायला उठले तेव्हा, दाताच्या फटीत राहिलेल्या कणांनी आपले काम सुरू केले.

ग्लिसिरायझिनचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर पोटात गेले तर शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. गुंजेच्या पानातही ग्लिसिरायझिन असल्याचे अहवाल आहेत. तेव्हा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी चिमूट ती चिमूटच ठेवावी; नैसर्गिक गोडवा आहे म्हणून मूठमूठ पाला चहात उकळण्याचा जो नवा नाद मी काही ठिकाणी पाहते आहे, तो मला पसंत नाही.

पानांची आणखी एक खोड आहे, आणि तिने एका ऑस्ट्रियन गृहस्थाला चांगलेच नादी लावले होते. संध्याकाळ झाली की गुंजेच्या पर्णिका दांडीच्या दोन्ही बाजूंनी खाली झुकतात आणि पाठीला पाठ लावून मिटतात. सकाळी परत उघडतात, आणि आभाळ भरून आले तरी त्यांची हालचाल बदलते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस जोसेफ नोवाक या गृहस्थांनी या हालचालींवरून हवामानाचे, इतकेच काय भूकंपाचेही भाकीत करता येते असा दावा केला आणि ही 'हवामान वनस्पती' तपासायला ते लंडनच्या क्यू उद्यानापर्यंत पोहोचले. तिथे फ्रान्सिस ऑलिव्हर यांनी चिकाटीने निरीक्षणे केली आणि निष्कर्ष काढला की पाने प्रकाशाला आणि भोवतालच्या हवेला प्रतिसाद देतात, भविष्य सांगत नाहीत. मला नोवाक यांच्याविषयी सहानुभूती आहे. माझ्या गॅलरीतली वेल जूनच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी चार वाजता पाने मिटून बसली, तेव्हा मीही दोरीवरचे कपडे काढायला धावले होते. पाऊस आला, पण तेवढ्यात समोरच्या बाईंनीही कपडे काढलेले होते, आणि त्यांच्याकडे गुंज नाही.

ही गॅलरीतली वेल मिळवायला मला दीड वर्ष लागले. आजीच्या घरातून आणलेल्या काचेच्या बरणीत जुन्या बिया होत्या. त्यांतल्या बारा मी कुंडीत टाकल्या आणि दोन महिने रोज पाणी घातले. कुंडीत तण उगवले, पुदिना उगवला, कुठूनसे एक पपईचे रोप आले, पण गुंज आली नाही. माती उकरून पाहिली तर बाराच्या बारा बिया दुकानातून आणल्यासारख्या लखलखीत. कवच इतके घट्ट की पाण्याचा थेंब आत गेला नव्हता. मग कोणीतरी सांगितले की बी थोडी घासली पाहिजे, आणि मी, विषाविषयी वर एवढे लिहिणारी मी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पॉलिश पेपर पसरून उघड्या बोटांनी बी घासायला बसले. तिसरी बी घासताना लाल रंगाखालून पिवळसर भुकटी निघाली आणि ती कागदावरून ओट्यावर सांडली. तिथून वीतभर अंतरावर निवडलेली कोथिंबीर होती. मी किती वेळ तशीच थिजून बसले होते ते आठवत नाही. मग श्वास रोखून ओल्या फडक्याने सगळे टिपले, फडके, कागद, कोथिंबीर आणि त्या तीन बिया पिशवीत घालून गाठ मारली, ओटा तीनदा धुतला आणि हात कितीदा धुतले ते मोजले नाही. आजीचे ते 'तर बघ' मला पन्नास वर्षांनी ऐकू आले.

त्यानंतर सरळ मार्ग धरला. पाणी उकळून खाली उतरवायचे, बिया त्यात टाकायच्या आणि रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी ज्या बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या असतात त्या पेरायच्या; बाकीच्यांना पुन्हा तीच आंघोळ. घासणे नको, टोचणे नको. नऊपैकी पाच फुगल्या, तीन उगवल्या, आणि त्यांतली एक गॅलरीच्या लोखंडी जाळीला वेढे घालत पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मजल्याच्या फरशीला टेकली. ऊन भरपूर, पाणी बेताचे, खत जवळजवळ नाही. मावा पडतो तेवढा पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढते, कारण जो पाला तोंडात जायचा त्यावर औषध कसे मारणार?

उरलेल्या बियांचे मी एकदा वजनही करून पाहिले. जुन्या मापात ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. इंग्रजी अमदानीत तोळा ११.६६ ग्रॅमवर पक्का झाला, तेव्हा एका गुंजेच्या वाट्याला ०.१२ ग्रॅम येतात. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि आता सराफ सरळ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. ओळखीच्या सराफाने त्याच्या काट्यावर माझ्या दहा बिया ठेवल्या, तर १.०६ ग्रॅम भरले. "तुमच्या गुंजा हलक्या आहेत, मावशी," तो म्हणाला. संस्कृतातल्या एका जुन्या सुभाषितात सोने म्हणते की मला आगीत घातले, ठोकले, विकले याचे दुःख नाही. लोक मला गुंजेबरोबर तोलतात हे खरे दुःख. त्या दिवशी काट्यावर एकट्या गुंजाच होत्या आणि सोने काचेपलीकडे होते.

आता दर वर्षी दिवाळीनंतर माझे एक ठरलेले काम असते. फुलांचे घोस सरले की हिरव्या शेंगा धरायला लागतात, आणि त्या पिकायच्या आत मी त्या सगळ्या कात्रीने कापून काढते. भाचीची मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि तिचा सगळा खेळ गॅलरीत चालतो. तिला पाला चाखवला आहे. पहिल्यांदा तिने तोंड वाकडे करून थुंकला, आणि मिनिटभराने "आजी, जीभ गोड झाली" म्हणून पुन्हा मागायला आली. बी तिने अजून पाहिलेली नाही, आणि ती चावायची नाही हे कळण्याइतकी मोठी होईपर्यंत मी तिला ती दाखवणारही नाही. गेल्या वर्षी एक शेंग जाळीच्या मागे, पावसाच्या पन्हाळीआड राहून गेली होती. ती मला मार्चमध्ये सापडली. सालीवर चार बिया टक लावून बसलेल्या. त्या बरणीत टाकल्या आणि बरणी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

पाला मात्र उदंड होतो. यंदा मी तो आजीसारखाच सुपात सुकवला, दांड्या झटकल्या, आणि एक छोटी पिशवी भरून कोपऱ्यावरच्या पानवाल्याला नेऊन दिली. त्याने चिमूट उचलून आधी वास घेतला, मग दोन बोटांत चुरून पाहिली, मग तोंडात टाकून बराच वेळ रस्त्याकडे बघत चघळत राहिला.

"गोड आहे," तो शेवटी म्हणाला. "पण ताई, अजून दोन दिवस सुकू द्यायचा होता."